काडीमोड, तलाक आणि आपल्या लेकी

तलाकचा विषय निघाला की आपल्याकडे सगळ्यांनाच कंठ फुटतो. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, तेव्हा बेळगावच्या गल्लीगल्लीत आणि निपाणीच्या चौकाचौकात त्याची चर्चा झाली. बहुतेकांचा सूर एकच होता : ‘बरे झाले, त्यांच्या बायका सुटल्या.’ हा ‘त्यांच्या’ शब्द आम्हाला खटकतो.

तो दोन कारणांनी खटकतो. पहिले कारण असे की निपाणी, चिकोडी, खानापूर, कागल या पट्ट्यातील मुसलमान बाई परकी नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आणि विडीच्या सुपापाशी ती आपल्या आयाबहिणींच्या मांडीला मांडी लावून बसली. घरात ती दखनी बोलत असेल, पण बाजारात, शाळेत आणि शेजारणीशी ती मराठीच बोलते. सीमाभागातील मराठी माणूस म्हणून आपण ज्यांची गणती करतो, त्यात तीही आहे. आपल्या हक्कांच्या वेळी तिला आपले म्हणायचे आणि तिच्या हक्काचा प्रश्न आला की ‘त्यांची’ म्हणायचे, हे बरोबर नाही.

दुसरे कारण अधिक घरचे आहे. नवऱ्याने टाकलेली, माहेरी येऊन राहिलेली, ना नांदणारी ना सुटलेली अशी लेक आपल्या जुन्या घराण्यांतही आहे. तिच्याविषयी चारचौघांत बोलले जात नाही, एवढाच फरक. शेजारच्या घरातील तलाक दिसतो आणि आपल्या माडीवरची परित्यक्ता दिसत नाही. म्हणून या अंकात दोन्हीकडचा हिशोब एकाच वहीत मांडत आहोत.

आधी आपल्याच भाषेकडे पाहू. लग्न मोडण्याला मराठीत काडीमोड म्हणतात, सोडचिठ्ठी म्हणतात आणि फारकत म्हणतात. त्यातला फारकत हा शब्द अरबीतून आला आणि आपल्या पंचांच्या तोंडी मुरला. बहुजन समाजात पंचांसमोर काडी मोडून नवराबायको वेगळे होत आणि बाईला पाट लावण्याची किंवा मोहतराची मोकळीक असे. म्हणजे लग्नाची गाठ सात जन्मांची, ती सुटतच नाही, ही समजूत सगळ्या मराठी समाजाची कधीच नव्हती. ती वरच्या मानल्या गेलेल्या जातींची होती आणि ‘आपणही मोठे’ असे दाखवण्याच्या भरात इतर जातींनी ती उचलली. ज्या घराण्यात आजीच्या आजीने पाट लावला होता, त्याच घराण्यात पुढे ‘आमच्यात तसले चालत नाही’ असे अभिमानाने सांगितले जाऊ लागले. प्रतिष्ठा वाढली आणि लेकींची वाट बंद झाली.

या प्रतिष्ठेला इंग्रजी न्यायालयानेही हातभार लावला. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की विवाह रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातपंचायतीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. पंचायतीच्या मनमानीला आळा बसला हे चांगले, पण त्याबरोबर बाईला मिळणारी सुटकाही अडचणीत आली. पुढे रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. पण ध्यानात घ्या, त्या काळी त्यांना घटस्फोट मागण्याची सोय कायद्यात नव्हती. नवऱ्याला बायको ‘परत’ मागण्याची सोय मात्र होती.

आता तारखा नीट पाहा, कारण त्या आपल्या अनेक समजुती मोडतात. निपाणीच्या वेशीपलीकडे कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९-२० च्या सुमारास आंतरजातीय विवाह, स्त्रियांचा छळ आणि घटस्फोट या विषयांवर कायदे केले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये हिंदू स्त्रीपुरुषांसाठी घटस्फोटाचा कायदा आणला. बेळगाव जिल्हा मात्र तेव्हा मुंबई इलाख्यात होता. इलाख्यातील हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नावर बंदी आली होती. त्या बंदीला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि १९५१ मध्ये न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी ते फेटाळले.

मुसलमान बाईला मात्र न्यायालयात जाऊन घटस्फोट मागण्याचा लेखी कायदा १९३९ मध्येच मिळालेला होता. म्हणजे १९३९ ते १९४७ या आठ वर्षांत बेळगावच्या कोर्टाची पायरी चढून ‘मला या लग्नातून सोडवा’ असे सरकारी कायद्याचे कलम दाखवून म्हणणे मुसलमान बाईला शक्य होते आणि तिच्या ब्राह्मण किंवा मराठा शेजारणीला शक्य नव्हते. आणखी एक गोष्ट. १९३९ च्या कायद्यात नवऱ्याची क्रूरता हे घटस्फोटाचे कारण होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेवरून फक्त कायदेशीर विभक्ती मिळे, थेट घटस्फोट नव्हे. तो मिळण्यासाठी १९७६ ची दुरुस्ती यावी लागली. सदतीस वर्षांचा हा फरक आहे. इस्लामी कायदा म्हणजे सगळा काळोख आणि आपला कायदा म्हणजे सगळा उजेड, असे बोलणाऱ्यांनी हा फरक पाठ करावा.

१९३९ चा कायदा कसा आला हेही समजून घेण्यासारखे आहे. हनफी परंपरेत बाईला स्वतः लग्न मोडून घेणे फार अवघड होते. त्रासलेल्या बायका, विशेषतः पंजाबात, धर्म सोडत, कारण धर्म सोडला की लग्न आपोआप मोडते असे मानले जाई. हे पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या सनातनी विद्वानानेच १९३१ मध्ये मालिकी पंथातील बाईला अनुकूल नियम स्वीकारावेत असे प्रतिपादन केले. त्यातून पुढे काझमी यांचे विधेयक आले. चार वर्षे नवऱ्याचा पत्ता नाही, दोन वर्षे खर्चपाणी नाही, सात वर्षांची कैद झाली, तीन वर्षे नवरेपण निभावले नाही, छळ केला, अशी कारणे त्यात स्पष्ट लिहिली गेली. पंधरा वर्षांच्या आत पालकांनी लग्न लावले असेल आणि नांदणे सुरू झाले नसेल, तर अठरा पूर्ण होण्याआधी ते नाकारण्याची सोयही ठेवली. धर्मशास्त्राच्या आत राहून, धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनीच वाट काढली. हे शक्य असते, आणि पुढचा सगळा वाद वाचताना ही गोष्ट विसरू नये.

या कायद्याशिवाय शरियतीत बाईसाठी तीन वाटा आहेत. पहिली खुला. बाईने मेहर किंवा त्याचा भाग सोडून सुटका मागायची. दुसरी मुबारात, म्हणजे दोघांच्या संमतीने वेगळे होणे. तिसरी तलाक-ए-तफवीज. यात निकाहनाम्यात अशी अट लिहिता येते की नवऱ्याने दुसरे लग्न केले, मारहाण केली किंवा खर्च दिला नाही, तर तलाक देण्याचा त्याचा अधिकार बायकोला वापरता येईल. ही तिसरी वाट फार मोलाची आहे आणि निकाहाच्या दिवशी तिचा उच्चार क्वचितच होतो. मेहर किती, जेवणाच्या पंगती किती, हे ठरते. ही अट लिहायची राहते.

आता दुखण्याकडे वळू. दोष खुल्यात नव्हता. पुरुषाच्या हातातील तलाकला कसलाच लगाम उरला नव्हता, हा दोष होता. कुराणात तलाकपूर्वी दोन्ही घरच्या पंचांनी समेटाचा प्रयत्न करावा असे आहे. प्रत्यक्षात मात्र तीन वेळा शब्द उच्चारला की बाई घराबाहेर, अशी रीत रूढ झाली. या रीतीविरुद्ध मराठी मुलखातूनच आवाज उठला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. फक्त सात! लोक हसले असतील. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाई १९७७ मध्ये अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. मेहरुन्निसा दलवाई, सय्यदभाई आणि इतर सहकाऱ्यांनी काम पुढे नेले. १९८५ मध्ये मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा निघाला, तो आपल्या शेजारच्या कोल्हापुरातूनच, नागपूरच्या दिशेने. त्या सात बायकांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला एक्कावन्न वर्षे लागली.

ते वर्ष १९८५ शाहबानोचेही होते. इंदूरच्या या बाईंचे लग्न १९३२ मध्ये झाले. नवरा वकील. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढले आणि १९७८ मध्ये तलाक दिला. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली पोटगी महिना १७९ रुपये २० पैसे होती. एवढ्या रकमेसाठी २३ एप्रिल १९८५ चा निकाल झाला आणि त्यावरून देशाचे राजकारण ढवळून निघाले. १९८६ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला आणि बाईच्या हातातील निकाल काढून घेतला, असे सर्वांना वाटले. पण सप्टेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने बाईच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. १० जुलै २०२४ च्या निकालाने तर स्पष्टच झाले की सर्व धर्मांच्या बायकांना असलेली फौजदारी संहितेतील पोटगी मुसलमान घटस्फोटितेलाही मागता येते.

याच काळात आपल्या मराठी मुलखातून आणखी एक मोठा निकाल आला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. दगडू पठाण खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ मध्ये सांगितले की ‘मी तलाक दिला आहे’ असे नवऱ्याने कोर्टात नुसते लिहून देणे पुरेसे नाही. वाजवी कारण होते काय, समेटाचा प्रयत्न झाला काय, हे त्याने शाबीत केले पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा खटल्यात हीच दिशा धरली. म्हणजे २०१७ चा निकाल आकाशातून पडला नाही. त्याआधी पंधरा वर्षे न्यायालये ती वाट तुडवत होती.

२०१९ मध्ये संसदेने तिहेरी तलाक गुन्हा ठरवला. तीन वर्षांपर्यंत कैद, बाईला निर्वाहभत्ता आणि अज्ञान मुलांचा ताबा, अशा तरतुदी त्यात आहेत. कायद्याचा धाक बसला हे नाकारता येणार नाही. परंतु दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. तुरुंगात बसलेला नवरा पोटगी कोठून देणार, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की तलाक हा शब्द न उच्चारता बायकोला माहेरी पाठवून देणाऱ्याला हा कायदा काहीच करत नाही. शब्द बंद झाला तरी टाकून देणे चालूच राहते. आणि टाकून देणे हे तर सर्व धर्मांतील पुरुषांना अवगत आहे. शिवाय महिन्यामहिन्याच्या अंतराने दिला जाणारा तलाक-ए-हसन या कायद्याच्या कक्षेत आलेला नाही. त्याविरुद्धही २०२२ मध्ये एक बाई सर्वोच्च न्यायालयात गेली.

इतर देश काय करतात? पाकिस्तानात १९६१ च्या वटहुकुमाने तलाकची लेखी सूचना स्थानिक मंडळाच्या अध्यक्षाला देणे आणि नव्वद दिवस थांबणे आवश्यक केले. ट्युनिशियाने १९५६ मध्ये घटस्फोट फक्त न्यायालयातच होईल असे ठरवले. इजिप्तने २००० मध्ये बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय न्यायालयातून खुला मिळण्याची सोय केली. हे सर्व मुस्लिम बहुसंख्येचे देश आहेत. तेव्हा ‘धर्मात बदल करता येत नाही’ असे सांगणाऱ्यांनी आधी या देशांकडे पाहावे.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे दोन निकाल आपल्या भागाला थेट लागू पडतात. विजापूरच्या एका बाईच्या नवऱ्याने दुसरे लग्न केले. ‘आमच्या धर्माला ते मान्य आहे’ असे त्याचे म्हणणे. २०२० मध्ये गुलबर्गा खंडपीठाने सांगितले की दुसरे लग्न कायदेशीर असले तरी पहिलीवर ती क्रूरता ठरू शकते आणि त्यावरून तिला घटस्फोट मिळतो. अपील फेटाळले गेले. २०२१ मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात न्यायालयाने म्हटले की निकाह हा करार असला तरी तलाक झाला म्हणून नवऱ्याची सगळी जबाबदारी संपत नाही. आपल्या भागातील किती बायकांपर्यंत हे निकाल पोहोचले? उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

आता आपल्या माजघरात येऊ. हिंदू विवाह कायद्यात क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, दोघांची संमती, ही सगळी दारे उघडी आहेत. २००३ च्या दुरुस्तीने बायकोला ती राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. तरीही आपल्याकडे रीत कोणती? भावकीतली चार माणसे बसतात. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहिली जाते. दोघांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. झाले मोकळे! वाचकहो, हे मोकळे होणे नव्हे. कायद्याने रूढीतील काडीमोड जपली आहे हे खरे, पण ती रूढी त्या जातीत प्राचीन काळापासून चालत आली आहे हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते. २००२ मध्ये कर्नाटकातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका जाधव कुटुंबाच्या खटल्यात न्यायालयाने नेमके हेच बजावले. रूढी शाबीत झाली नाही तर तो मुद्रांक म्हणजे नुसता कागद. त्यावर विसंबून दुसरे लग्न केले तर ते लग्न रद्द, मुलांच्या वारशावर प्रश्नचिन्ह आणि नवऱ्यामागे निवृत्तिवेतनासाठी दारोदार फिरणे बाईच्या नशिबी. जातीचा काझी असो की भावकीचा कारभारी, कागदाने बाईला फसवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच.

आणि भावकी इतक्या घाईने कागद का करते, हेही बोलून टाकू. माहेरी परत आलेली लेक म्हणजे वाटणीची मागणी, ही भीती त्यामागे असते. कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. पण लग्नाच्या आधी किंवा मांडवपरतणीनंतर तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत चांगल्या चांगल्या घराण्यांत आहे. ‘भावाशी संबंध राहावेत म्हणून’ ती सही करते. नवऱ्याने टाकले की सासरचे दार बंद आणि माहेरच्या दारावर तिचीच सही. मग ती छळ सोसत नांदते, कारण परत यायला जागाच नाही. घटस्फोटाचा हक्क कायद्यात असून उपयोग नाही, परत येण्याची जमीन पायाखाली असावी लागते. मुसलमान घरातील लेकीचीही अडचण हीच. शरियतीने तिला वारसा दिला आहे, पण तोही ती भावांसाठी सोडून देते.

सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. आपल्या लेकी कागल, कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड, सांगली, गोवा अशा ठिकाणी दिल्या जातात आणि तिकडच्या लेकी इकडे येतात. लग्न एका राज्यात, माहेर दुसऱ्या. नवऱ्याने कोल्हापुरात दावा लावला तर निपाणीची लेक तिकडे खेटे घालते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने अपिलासाठी मुंबई गाठण्याचा त्रास वाचला, हे चांगले झाले. बेळगाव जिल्ह्याचे अपील धारवाडला जाते. पण खालच्या कोर्टाची भाषा हा प्रश्न तसाच आहे. कामकाज कन्नड आणि इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेली बाई आपल्याच संसाराचा अर्ज वाचू शकत नाही. वकील बोट ठेवतील तेथे ती सही करते. समेटाच्या कागदात पोटगीचा हक्क सोडल्याचे एक वाक्य असले, तर ते तिला वसुलीच्या वेळी कळते. मराठी परिपत्रकांसाठी आपण वर्षानुवर्षे निवेदने दिली. मराठी बाईच्या घटस्फोटाच्या अर्जासाठी एक तरी निवेदन दिले काय? भाषेचा हक्क पाटीवर जितका महत्त्वाचा, तितकाच तो या कागदावर महत्त्वाचा आहे.

‘मग एकच समान कायदा आणा, प्रश्न मिटला’ असे काहीजण म्हणतात. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून तसा कायदा लागू झाला आहे आणि गोव्याचे उदाहरण तर नेहमी दिले जाते. गोव्यात पोर्तुगीजांनी १९१० मध्येच घटस्फोटाचा कायदा केला आणि लग्ननोंदणी सक्तीची आहे, हे उत्तम. पण त्याच गोव्यात १८८० च्या संहितेने, पत्नीला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची सवलत दिली होती. म्हणजे कायद्याला समान हे नाव दिल्याने तो आपोआप समान होत नाही. समान कायद्याला आमचा विरोध नाही. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण तेव्हा ते बिल अडवणाऱ्यांत आपल्यासारखीच प्रतिष्ठित घराणी होती, हेही विसरता येत नाही. कायदा बाईच्या बाजूने मोजून करा, धर्माच्या विरोधात मोजून करू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करू. घराण्यातील प्रत्येक लग्नाची सरकारी नोंद झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच ती सर्व धर्मांसाठी सक्तीची करण्यास सांगितले आहे. मुद्रांकावरच्या सोडचिठ्ठीला साक्षीदार म्हणून सही करणार नाही, असे प्रत्येक कारभाऱ्याने ठरवावे. लेकीकडून हक्कसोडपत्र लिहून घेणे थांबवावे, निदान तिचा संसार स्थिरावेपर्यंत तरी. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांतील जाणत्या मंडळींनी निकाहनाम्यात तफवीजची अट लिहिण्याचा आग्रह धरावा. ती शरियतीच्या बाहेरची नाही, त्यामुळे कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच त्याची समिती असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सर्व धर्मांच्या बायकांना सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. या दोन गोष्टी मराठीत छापून आपल्या महिला मंडळांनी, बचत गटांनी आणि जमातींनी घरोघर पोहोचवाव्यात. आणि आपल्या संघटनेत मराठी, कन्नड व उर्दू जाणणाऱ्या दोन-तीन वकिलांनी आठवड्यातून एक दिवस बसावे, बाईने सही करण्याआधी तिला तिचा कागद तिच्या भाषेत वाचून दाखवावा. एवढ्याने अर्धे अन्याय टळतील.

सीमाभागात आपण न्याय मागत आलो आहोत. आपल्या मनाविरुद्ध आपल्याला कोणाच्या घरी नांदायला पाठवले, ही आपली जुनी तक्रार आहे. मनाविरुद्ध नांदणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याने आपल्या घरातील आणि शेजारच्या घरातील बाईला तरी ते सोसायला लावू नये.